तिरका दिवा

यंग्सटाउनला जानेवारीत पाचलाच अंधारतं.
विल्मा होर्वाथ शटर अर्धं ओढते,
हात धुते, पुन्हा धुते, नखांखाली बघते,
आणि पाकिटातून अलगद काढते
बहात्तर वर्षांचा एक घोडेस्वार,
चंद्राच्या खडकांवरून लाल झगा उडवत निघालेला.
किंमत दहा सेंट.

सोबत लायल प्रुइटची चिठ्ठी:
वडिलांचा अंक. विकायचाय.
निघेल तेवढं काढा.

काय काय निघेल?
उजव्या कडेला बोटभर करडा पट्टा:
गठ्ठ्यातून हा अंक तेवढाच बाहेर डोकावत राहिला
माळ्यावर, तीस-चाळीस वर्षं,
आणि धुळीने तेवढ्याच जागेचं भाडं वसूल केलं.
पिनांभोवती गंज, खाली ओघळलेला.
मागे, जादूच्या चष्म्यांच्या जाहिरातीवर,
कपाच्या बुडाचं वर्तुळ, तोंड न मिळालेलं.
वरच्या कोपऱ्यात जांभळा शिक्का:
ऑडली आणि मुलगा, औषधे व मासिके.
तो राहू दे. शिक्का म्हणजे डाग नव्हे.

आणि आतली पानं, जुन्या तुपाच्या रंगाची.
त्यावर इलाज नाही.
कागद आतून स्वतःलाच खात आलाय,
त्याला फार तर सांगता येतं, सावकाश खा.

आपल्या भाषेत डाग म्हणजे दागिनाही.
विल्माला हे कुणी सांगितलेलं नाही,
तरी ती सोनारासारखाच श्वास धरते.

रबरी स्पंज, एकाच दिशेने, परत न फिरवता.
धूळ काळ्या शेवयांसारखी सुटत जाते.
वर्तुळाला तीन रात्री लागतात:
खाली टीपकागद, वरून थेंब,
पुन्हा टीपकागद. चौथ्या सकाळी
बशीत उरतं फिक्या चहासारखं पाणी,
कुणाच्या तरी एका दुपारचं.
ती ते बेसिनमध्ये ओतते.
झग्यावरचा उडालेला लाल मात्र तसाच सोडते.
रंग भरला की अंक देखणा होतो
आणि भाव पडतो.

आता राहिलं दाबयंत्र.
त्याआधी एकदा, नेहमीप्रमाणे,
ती दिवा टेबलाच्या पातळीला आणते.
उजेड आडवा सरपटतो
आणि चंद्रावरच्या काळ्या आभाळात अक्षरं उठतात.
शाई नाही, शिसं नाही, नुसते खळगे.
कुणीतरी या अंकाची पाटी करून
वर कागद ठेवून, पेन्सिल रुतवून लिहिलंय,
एकाखाली एक, उतरत्या ओळींत:
मी मिस्टर ऑडलींच्या दुकानातून
न विचारता काही घेणार नाही.
मी मिस्टर ऑडलींच्या दुकानातून
न विचारता काही

विल्मा कोपऱ्यातल्या शिक्क्याकडे बघते.
घेतलेला की उचललेला, शिक्का बोलत नाही.

फोनवर लायल बराच वेळ गप्प.
मग म्हणतो, बाबा चर्चच्या दानपेटीचा हिशेब ठेवायचे.
एकतीस वर्षं. एक सेंट इकडचा तिकडे नाही.

दाबलं की हे सगळं सपाट होईल, ती म्हणते.
दाबू?

दाबा.
नाही, थांबा. किती ओळी आहेत?

ती फोन टेबलावर ठेवते,
कागदाला न शिवता हवेतच बोट फिरवते.
दिवा जरा हलला की दोन ओळी बुडतात,
पुन्हा पहिल्यापासून.
तेवीस, ती सांगते.

तेवीस कशा? आजी पन्नासच्या खाली
शिक्षाच देत नसे.

बाहेर मीठ टाकणारी गाडी जाते.
खिडकीची काच थरथरते,
आभाळातली अक्षरंही.

म्हणजे उरलेल्या सत्तावीस, लायल म्हणतो,
दुसऱ्या कुठल्या तरी अंकावर असणार.

आणि फोन न ठेवताच
तो माळ्याची शिडी ओढतो,
तिला इथे ऐकू येतं.