थेंबाची गाठ

भास्कर तायडेच्या काळी-पिवळीतून
अकोला स्टेशनहून खोका आला, थर्माकोलचा,
कोणाकोणाच्या पायांशी सरकत सरकत.
वर ठळक अक्षरांत : ही बाजू वर.
आला आडवा.

आत दोन पिशव्या, पिशव्यांत चेन्नईचं पाणी,
पाण्यात अंगठ्याएवढा एकेक मासा,
नारिंगी, अंगावर चुन्याचे पट्टे,
पोळ्याच्या बैलावर ओढावेत तसे.

शेषराव इंगळे दारातूनच म्हणाले,
"खारंच पाणी पाह्यजे ना त्याईले?
मंग आपल्या इहिरीत काय साखर हाये?
दे सोडून."

कसं सांगू, काका.
पूर्णेकाठचं हे मीठ वेगळं.
यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही,
यानं माझ्या आईच्या किडनीत खडा धरला.
हेच मी दिवसभर प्लांटवर मशीन लावून गाळतो,
वीस-वीस लिटरच्या कॅनमधून गावाला गोड पाणी विकतो,
आणि रात्री त्याच गोड पाण्यात
मोजून, ढवळून, काचेची नळी तरंगवून बघत
पाकिटातलं समुद्राचं मीठ घालतो.
आधी आपलं काढायचं, मग त्यांचं टाकायचं.
बायको हसते. हसू दे.

पिशवी लगेच फोडायची नाही.
नुसती टाकीत तरंगू द्यायची, वीस मिनिटं.
बाहेर चव्वेचाळीस, खोक्यातला बर्फ कधीचाच पाणी झालेला.
आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी
प्लास्टिकच्या दोन बाजूंनी
एकमेकांचा ताप बघत राहतात.

नंतर बादली.
आणि सलाईनची नळी, कोरी,
उपकेंद्रातल्या ढोकणे सिस्टरनी दिलेली.
तिला सैल गाठ मारायची.
सेकंदाला दोन थेंब.
जास्त झाले तर गाठ आवळायची.
टप.
टप.

मागच्या दिवाळीत मला घाई झाली होती.
पिशवी ओतली एकदम. निळा होता तो.
सकाळी वाळूवर पडलेला, डोळे उघडे;
पण माशाचे डोळे तसेही उघडेच,
म्हणून कळायला वेळ लागला.

दिवे बंद ठेवायचे असतात पहिल्या रात्री.
ते साडेआठला वरूनच गेले.
जन्मात पहिल्यांदा लोडशेडिंगला बरं म्हणालो.
हवेचा पंप तेवढा मोटारसायकलच्या बॅटरीवर
घुरघुरत होता.

पल्लवी शेजारी येऊन बसली, थेंब मोजायला.
"बाबा, त्याईले मालूम आहे का
समुद्र किती दूर राह्यला?"
नाही.
"सांगू?"
नको.
एकशे बारापर्यंत मोजून ती माझ्या मांडीवर झोपली.
थेंब चालूच.

पाय बधिर झाला तरी हललो नाही.
दोन तासांनी जाळीत एकेक उचलून सोडला.
पिशवीचं पाणी टाकीत घ्यायचं नसतं,
त्यात प्रवास असतो सगळा.
एक दगडामागे गेला.
दुसरा कोपऱ्यात, काचेकडे तोंड करून.
खायला टाकलं नाही.
टकटक केली नाही.
इंगळेकाका बॅटरी घेऊन पाहायला आले,
त्यांनाही ओट्यावरूनच परत पाठवलं.

बादली दाराबाहेर रिकामी केली, फुफाट्यात.

पहाटे पाहतो तर
काकांची बकरी दावं तोडून आलेली,
ती ओल चाटत उभी,
डोळे मिटून.