रकाना

वजन साडेतेरा. उंची सत्त्याण्णव.
दंडाचा घेर हिरव्या पट्टीत.
पियू वलके, वय चार,
रजिस्टरात नीट बसली.

मंगळवारी मात्र ती खिचडीची ताटली घेऊन उठली
आणि मोहाच्या बुंध्याशी उकिडवी बसून
मुंग्यांच्या वाटेवर शितं मांडू लागली.
एक ठेवायची, मग थांबायची.
मी ओरडले, "सांडू नोको व!"
तिनं ओठांवर बोट ठेवलं.
"हळू बोला, बाई. जेवून राह्यल्या."

प्रार्थनेला मी सगळ्यांचे हात जोडून घेते,
डोळे मिटा म्हणते, आणि स्वतः अर्ध्या डोळ्यानं
कोण चुळबुळतंय ते बघते.
चौदा वर्षं झाली.
त्यात देव दिसला नाही, रांग तेवढी सरळ दिसली.
पियूचे डोळे त्या दिवशी टक्क उघडे.
कवेलूंच्या फटीतून उन्हाची पट्टी उतरली होती,
तिच्यात धूळ तरंगत होती,
आणि ही तिच्याकडे अशी बघत होती
की मला माझा हात खाली घ्यावा लागला.
मारायला नव्हता उचलला.
पण उचलला होता.

बोडीच्या पाळीवर चतुर सापडला, मेलेला.
भावेश म्हणाला, "याचा सेल संपला."
पियूनं तो तळव्यावर घेतला.
पंखाची जाळी उन्हात धरली.
"बाई, याच्यातला उडनारा कोटी गेला?"

माझ्या जिभेवर आलंच होतं, देवाघरी.
गुळगुळीत शब्द, माझ्या आईनं मला दिलेला,
मी कधी उलटून न पाहिलेला.
मदतनीस शेवंताबाई मागून पुटपुटली,
"राहू द्या ना मॅडम. इचारू द्या तिले."

"मले नाय माहीत, पियू," मी म्हणाले.
"तुले काय वाटते?"
तिनं खूप वेळ घेतला.
पाण्यावर शिंगाड्याची पानं हलली, थांबली.
"आता नाय सांगत."
मग पळसाचं पान मागितलं,
चतुर त्यात गुंडाळला,
आणि पान पुन्हा थोडं उघडून ठेवलं.

सुपरवायझर मॅडम आल्या शुक्रवारी.
रंग ओळखते, हो. अंक, सहापर्यंत.
"इतर काही विशेष?"
रकान्यात बोटभर जागा.
मी लिहिलं, थांबते.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठं?"
मला सांगता आलं नाही.

चतुराचं तिनं अजून सांगितलेलं नाही.
शेवंताबाई हल्ली मूठभर तांदूळ जास्त टाकते,
त्याची नोंद कुठंच नाही.