उरेल ते घराला

भुसावळ. मे. दुपारचे तीन.
जुन्या डिस्कची वायर आधी उपसून ठेवली:
तिच्यात निनाजीकाकांच्या केळीच्या सतरा वर्षांच्या पट्ट्या,
हात चुकला तर परत कोण लिहून देणार, भो?

नवी डिस्क कोरी.
पडदा विचारतो, रूटला किती, स्वॅपला किती,
होमला?
रत्नप्रभा दारातूनच म्हणाली, "घराला उरेल ते,"
आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला आत गेली.
मी तेच टाकलं.

ब्याण्णव टक्क्यांवर लाईट गेली.
इन्व्हर्टरला उचकी लागली, पण धरलं त्यानं.

संध्याकाळी जुनी परत जोडली.
पडद्यावर दोन नावं, खाली दहा सेकंद:
कोणाला उठवू?
नऊ. आठ.
कूलरच्या टाकीत पाणी संपल्याचा खडखडाट.
सात.
बादली घेऊन मीच उठलो.
तोवर उठेल कोणीतरी.