जवस, जवळा

चिपळूणला सलाइन लावताना सिस्टर उमरे म्हणाली,
ताई, जवस खात जा.
मी ऐकलं जवळा.
म्हटलं, अगो, तो तर आम्ही रोजच खातो,
जवळा खाऊन गाठ जायची असती
तर सगळ्या हर्णैत एकीला झाली नसती.

ती हसली तशी सुई हलली.
यवतमाळची पोर. भाताला कंटाळलेली,
बंदरावरून एसटी गेली की नाकाला रुमाल.
पुढच्या खेपेला पुडी घेऊन आली:
तपकिरी, चपटं, तुकतुकीत बी,
मुठीत धरावं तर बोटांच्या फटीतून सटकतं.
पाण्यात टाकलं तर रात्रीत बुळबुळीत,
ताज्या माकुलासारखं.

डॉक्टरीणबाईंना विचारलं.
खा, म्हणाल्या, चमचाभर. भाजून, दळून.
अख्खं गिळलंत तर जसं गेलं तसं बाहेर.
त्यात काहीतरी असतं
बाईच्या अंगातल्या रसासारखं, पण दुबळं,
ते जाऊन त्याची जागा अडवतं म्हणतात.
(मी मनात म्हटलं, धक्क्याच्या कड्यात
भलत्याच होडीचा दोर अडकवून ठेवावा तसं.)
म्हणतात? मी विचारलं.
म्हणतात, त्या म्हणाल्या.
थोड्याच बायांवर पाहिलंय, थोडेच दिवस.
गाठीची वाढ मंदावल्यासारखी दिसली.
पुढचं मला माहीत नाही.
रात्रीची गोळी मात्र चुकवायची नाही.
बी गोळीच्या जागी नाही, भाकरीच्या बाजूला.

इतक्या शिकलेल्या बाईने
माहीत नाही म्हटलं, तेव्हा
पहिल्यांदा मला तिचं सगळं खरं वाटलं.

घरी तव्यावर बी तडतडायला लागलं
तसा हरेश्वर अंगणातून वाकस घेऊनच आत आला.
अळशी कुठे जळतेय?
अळशी नाही, जवस.
त्याने चिमूट चोळली, नाकाशी नेली.
ही अळशीच. हिचंच तेल.

तीस वर्षं हा वास मी धुतलाय
त्याच्या सदऱ्यातून, उशीच्या अभ्र्यातून,
शिव्या घालत.
फळ्यांना पाजायचं तेल ते,
चुन्यात कालवून फटीत भरायचं तेल.
डब्यावर नाव नव्हतं. तेल म्हणजे तेल.

मी विचारलं, हे लावलं की होडी बुडत नाही?
चुलीपाशी उकिडवा बसला तो.
बुडायची ती बुडते, म्हणाला.
तेल आपलं लावायचं. लाकूड जरा धरून राहतं.
फळी कुजली तर मग तेल कामाचं नाही,
ती कापूनच
आणि थांबला.
माझ्या पदराच्या डाव्या बाजूकडे बघून
बाहेर गेला. बराच वेळ
वाकसाचा आवाज आला नाही.

लिलावात भागी सांगत होती,
मोबाइलवर एक बाई दाखवते,
दीड महिना जवस, बाकी सगळं बंद,
गाठ विरघळते मिठासारखी.
मी टोपली खाली ठेवली.
म्हटलं, भागे, तुझ्या छातीत काय आहे का?
ती बोलेना. सुरमईचा भाव चाललेला.
म्हटलं, उद्या साडेसहाची एसटी.
मी येते संगती. बी पण आण,
तिथे रांगेत बसून खाऊ.

रोज सकाळी पिठीत चमचाभर घालते.
चव काय, लाकडाच्या भुशाला तीळ लागलेले.
रात्री गोळी, पाण्याबरोबर.
दोन्हीतलं कुठलं मला धरून ठेवतंय
की कुठलंच नाही, कोण सांगणार.

उमरेला मागच्या खेपेला जवळा नेला होता,
सुकवून, निवडून, डबा घट्ट लावून.
काल तिचा फोन:
ताई, जवसाच्या चटणीत टाकला मी तो,
लसूण, लाल मिरची,
ज्वारीच्या भाकरीसोबत दोनदा खाल्ला.
आणि वास? मी विचारलं.
येतो ना, म्हणाली. येऊ दे.