कॉल घ्यावा लागेल

खराडीत सातव्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात
फ्रेनी मॅडमनी बोर्डावर लिहिलं: डिसिजन.
खाली दोन फाटे, मेक आणि टेक.
दोन्ही चालतं, म्हणाल्या,
फक्त डू करू नका, गिऱ्हाईक हसेल.

मी वहीत उतरवलं.
बनवायचा, नाहीतर घ्यायचा.
खरं सांगायचं तर आमच्या घरात
निर्णय कुणी घेतलेला मी पाहिलाच नाही.
आमच्याकडे ठरतं.
ताईचं ठरलं. दुकानाचा अर्धा गाळा सोडायचं ठरलं.
बारावीनंतर मी थांबायचं ठरलं.
कुणी ठरवलं, असं विचारलं
की सगळे पंख्याकडे बघतात.

मग आलं, सिट ऑन द फेन्स.
शेजारचा इरफान तांबोळी पुटपुटला, तळ्यात-मळ्यात.
अख्खी बॅच हसली, मॅडमना कळेना का.
मग स्लीप ऑन इट.
एका खोलीत सहा जण आम्ही, इरफान म्हणाला,
अजून कशाकशावर झोपायचं?
शेवटी त्यांनी लिहिलं, टेक अ कॉल,
आणि लगेच डस्टर फिरवलं.
हे फक्त इथलं हं. बाहेरच्याला वाटेल, फोन आला.

गुरुवारी ससूनमध्ये
माझ्याच वयाच्या डॉक्टरनं
पप्पांच्या पायावरचं फडकं उचललं, परत ठेवलं.
अंगठ्यापासून सुरू झालेलं काळं
घोट्याशी आलं होतं.
शुगर आहे, म्हणाला, वर सरकतंय.
फॅमिलीनं कॉल घ्यावा लागेल. उद्यापर्यंत.

आईनं कमरेची पिशवी चाचपून
मोबाइल बाहेर काढला.
कुणाचा? म्हणाली.

दिवसाला नव्वद कॉल घेते मी,
रागावलेले, रडवेले, नुसतेच श्वास ऐकू येणारे.
हा एक
मला आईला सांगता येईना.

काका जिन्यात बोलून गेले,
एकदाचा एक घाव दोन तुकडे...
आणि जीभ चावून चहा आणायला निघून गेले.

रात्री व्हरांड्यात वही उघडली.
शब्द होते सगळे, स्पेलिंगसकट.
वे युअर ऑप्शन्स.
एका पारड्यात पाय ठेवला,
भवानी पेठेत चाळीस वर्षं पायमशीन मारलेला,
दुसऱ्या पारड्यात पप्पा.
काटा हलेना. पायसुद्धा पप्पांचाच.
पुढच्या पानावर सेकंड थॉट्स होतं.
पहिलेच अजून उठले नव्हते जागचे.

पहाटे त्यांनीच हाक मारली.
कालिंदे, आण तो कागद इकडं.
कापड पसरलं की गिऱ्हाईक घाबरतं.
त्यानं घाबरावं. शिंप्यानं किती वेळ
खडूच्या रेघा मारत बसायचं?

नर्सला विचारलं, नेमकं कुठून?
तिनं गुडघ्याखाली बोट टेकवलं.
त्यांनी त्याच्याखाली आपली चार बोटं ठेवून
माप घेतलं, जसं कुणाचंही घेतात,
ओठ आवळून, मनात आकडा धरून.
मार्जिन ठेवा म्हणावं जरा, शिवायला.
नर्स हसली.
मग हसू तसंच चेहऱ्यावर विसरून
ट्रे उचलून गेली.

फॉर्मवर छापलं होतं, निर्णय घेणाऱ्याचे नाव.
बिलबुकात लिहायचे त्याच अक्षरात,
रेघेला टेकून,
भास्कर रखमाजी पतंगे.
पुढचा रकाना, रुग्णाशी नाते.
तिथं थांबले थोडे.
आईकडे बघितलं, माझ्याकडे, पंख्याकडे नाही.
लिहिलं: मीच.

आणि टोपण लावून
पेन माझ्याकडे परत दिलं.