हातच्याची वजाबाकी

पुंता अरेनासचा वारा असा, की
क्लासची पाटीही दोरीनं बांधलेली.
बेकरीमागच्या खोलीत रायेन
टेबलाखाली बोटं मोजते.
मी न पाहिल्यासारखं करते.

बावन्नातून सतरा.
तीन आठवडे तोच कागद,
खोडून खोडून इतका विरलेला
की पलीकडचा दिवा दिसतो.

आज तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.
दशकाच्या घरी गेली, एक मागून आणला,
पस्तीस लिहिलं,
आणि खोडरबर परत केलं
न मागता.

सहाला आई आली, खेकड्यांच्या कारखान्यातून,
मनगटापर्यंत मीठ.
"काही प्रगती?"
तक्त्यावर अजून जुनीच पायरी.
मी कागदच दिला.

ओठ हलवत ती सोडवू लागली,
दोनातून सात... अडली.

"शेजाऱ्याकडून घे, आई,"
कोट चढवता चढवता रायेन म्हणाली,
"देतो तो."