शून्य ते दहा

कुओपिओ, डिसेंबर. सकाळी नऊलाही अंधार.
टुइरे विचारते: शून्य ते दहा,
किती दुखतंय?

आयली हातमोजा न काढताच सांगते,
आज कॉफीच्या बरणीचं झाकण शेजाऱ्यानं उघडलं.
काल मीच.

संधिवाताच्या तक्त्यात याला रकाना नाही.
टुइरे सात लिहिते, खोडते,
समासात लिहिते: झाकण.

अकरा वर्षांत समासच भरत गेले.
कोटाची बटणं,
नातवाचा हात, हळूच सोडवून घेतलेला.

नळ्यांतलं रक्त उणे ऐंशीला गप्प.
त्यात सूज मोजता येते.

रात्री पिपेट दाबता दाबता
टुइरेचाच अंगठा धरतो.
किती? ती स्वतःला विचारते.
बाहेर तळं गोठतंय,
मधूनच कण्हतं.
पेन उघडायला दुसरा हात लागतो.